घरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठी ताकदीचा वर्ग: प्रकल्प नोंदी, पुणे

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

सिंहगड रोडवर आनंदनगरमधल्या एका सोसायटीने सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहा ते अकरा हॉल द्यायचं कबूल केलं. भाडं घेणार नाहीत. फरशीला ओरखडा पडता कामा नये, एवढीच अट. जाड रबरी मॅट टाकावी लागेल.

वर्ग कोणासाठी, ते आधीच ठरलंय. घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा परावलंबी माणूस आहे आणि त्याचं सगळं जे करतात, त्यांच्यासाठी. फिजिओथेरपीला मी घरोघरी जाते तेव्हा व्यायाम रुग्णाला शिकवते, पण लक्ष जातं ते पलंगाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे. अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला खुर्चीत बसवून कंबर धरून उभ्या राहिलेल्या काकू. विसरभोळेपणा वाढलेल्या सासूबाईंमागे रात्री तीनदा उठणारी सून. यांची झोप उडालेली असते, चिडचिड वाढलेली असते, कशातच मन लागत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मला काय धाड भरलीय?"

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी विचारलं, चालण्याचा गट का नाही, योगवर्ग का नाही? रास्त प्रश्न आहे. २०२४ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात व्यायाम आणि नैराश्य यांवरचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. २१८ अभ्यास, १४ हजारांवर माणसं. चालणं-धावणं, योग आणि ताकदीचा व्यायाम, तिन्हींचा उपयोग दिसला. मध्येच सोडून देणाऱ्यांचं प्रमाण योग आणि ताकदीच्या व्यायामात कमी होतं, आणि ताकदीच्या व्यायामाचा गुण पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त आला. त्यातल्या बऱ्याच अभ्यासांचा दर्जा यथातथाच आहे, हे आढावा घेणाऱ्यांनीच स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे कोणाला मी हा रामबाण उपाय म्हणून सांगणार नाही. पण आपल्या गटात बहुतेक बायका आहेत आणि त्यांना रोज माणूस उचलावा लागतो. मनाला गुण येवो न येवो, ताकद त्यांना लागणारच आहे. म्हणून वजनं.

सोमवार, १३ जानेवारी

टिळक रोडवरून सामान आणलं: दोन किलोपासून दहा किलोपर्यंतचे डंबेल, एक हलका रॉड, प्लेट्स, रबर बँड. पेठेतल्या एका तालमीच्या वस्तादांनी दोन हलके मुद्गल वापरायला दिले, आणि ते खांद्यामागून कसे फिरवायचे तेही मला अर्धा तास उभं करून शिकवलं. पुण्यात पेठापेठांत तालमी आहेत. आमच्या आजोबांची पिढी जोर-बैठका काढून तिथूनच कामाला जायची. त्या तांबड्या मातीत आज्यांना मात्र जागा नव्हती, याची मला मनापासून खंत वाटते.

गुरुवार, १६ जानेवारी

आज सगळ्यांची तपासणी. रक्तदाब, गुडघे, कंबर, चालू औषधं, आणि ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते.

औषधांची यादी बारकाईने लिहून घेतली, कारण ती वर्गात उपयोगी पडते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर नाडी मुळातच संथ राहते. अशा माणसाचे श्रम नाडी मोजून कळत नाहीत, "दहापैकी किती जड वाटलं?" असंच विचारावं लागतं. लिथियम (मनाच्या आजारावरचं एक औषध) चालू असेल तर घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं, म्हणून त्यांच्या पाण्याकडे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याकडे वेगळं लक्ष. मधुमेहात इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी यायचं नाही. आणि मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर वर्गात बरं वाटायला लागलं म्हणून ती परस्पर बंद करायची नाही. हे मी प्रत्येकाला डोळ्यांत बघून सांगितलं.

मनाची स्थिती नोंदवायला पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांची मराठी प्रश्नावली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, शून्य ते २७ गुण. दहा किंवा वर असतील तर पुढची तपासणी हवी, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रश्नावलीवरून निदान होत नाही, हेही सांगितलं. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. त्याला "अजिबात नाही" सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, तर माझी समुपदेशक मैत्रीण त्याच दिवशी, त्याच हॉलच्या आतल्या खोलीत बसून बोलणार. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकीच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. हा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका साध्या प्रश्नावर गेला: त्या तासाला घरी कोण?

सोमवार, २० जानेवारी

पहिला वर्ग. फक्त चार प्रकार: खुर्चीवरून ऊठबस, रॉड उचलून उभं राहणं म्हणजे डेडलिफ्ट, बँड ओढणं, आणि दोन्ही हातांत डंबेल घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं.

डेडलिफ्टला सगळ्यांत जास्त वेळ दिला. रॉड जमिनीवर न ठेवता दोन पाटांवर ठेवला, म्हणजे फार वाकावं लागत नाही. माणिकबागेतून येणाऱ्या काकू पुढे आल्या, पदर खोचला आणि सवयीने पाठीची कमान करून खाली गेल्या. त्यांना थांबवलं. पार्श्वभागाला भिंत लागेपर्यंत मागे जा म्हटलं आणि त्यांना खरोखरच भिंतीपासून वीतभर अंतरावर उभं केलं. भिंत लागली, मांड्यांच्या मागे ताण आला, पाठ आपोआप सरळ झाली. "आता रॉड पायांना घासत वर येऊ दे. श्वास सोडत." रॉड वर आला. काकू उभ्या राहिल्या आणि आधी काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कंबरेत काहीच नाही झालं." पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी मी न सांगता त्या भिंतीपासून दूर सरकल्या.

श्वास कोंडून धरायचा नाही, हे प्रत्येक सेटला (न थांबता सलग केलेल्या एका फेरीला) ओरडून सांगते. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपकन वर जातो, आणि आपल्या गटात रक्तदाबवाले पुष्कळ आहेत.

प्रत्येकीला दोनशे पानी वही दिली. प्रकार, वजन, रेप्स म्हणजे एका सेटमध्ये किती वेळा केलं, किती जड वाटलं. मी लिहायचं नाही, त्यांनीच लिहायचं.

गुरुवार, २३ जानेवारी

काल दोन फोन आले, दोन्ही घाबरलेले. जिना उतरताना पाय लटपटतायत, मांड्या भरून आल्यात, हे ते तर नाही ना? ‘ते’ म्हणजे जीबीएस, नसांवर परिणाम करून हातपाय लुळे पाडणारा आजार. या आठवड्यात सिंहगड रोडवर दुसरा विषयच नाही. नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या भागांतून गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण येतायत, पाण्याचा संशय आहे, घरोघरी पाणी उकळून पितायत. आणि आपल्या गटातल्या दोघी धायरीच्याच.

दोघींना आज लवकर बोलावून तपासलं. गुडघ्याचे प्रतिक्षेप (गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय आपोआप उडणं) व्यवस्थित, पायांना मुंग्या नाहीत, बोटांवर आणि टाचांवर उभं राहता येतंय, दुखणं फक्त मांडीच्या पुढच्या स्नायूंत आणि दाबल्यावर जास्त. नव्या व्यायामानंतरचं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत जोर धरतं आणि मग उतरत जातं. जीबीएसमध्ये बहुधा पावलांपासून मुंग्या आणि अशक्तपणा सुरू होऊन वर चढत जातो, वाढत जातो, प्रतिक्षेप मंदावतात. तसं काहीही वाटलं तर वर्गाची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं, हे सगळ्यांना फळ्यावर लिहून दाखवलं.

हे सगळं झाल्यावर त्यातली एक ताई म्हणाली की तीन दिवस ती रात्री उठून पाय हलवून बघत होती. मला वाटतं आजचा तास त्यासाठी सार्थकी लागला. काळजीत बुडालेल्या माणसाला अंगातली प्रत्येक कळ धोक्याची वाटते. कोणत्या कळीला घाबरायचं आणि कोणती तशीच जाऊ द्यायची, हे स्वतःच्या अंगावर अनुभवून कळणं हाही मनाचाच उपचार आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज अर्धा वर्ग चर्चेत गेला, आणि जाऊ दिला. हिंगण्याच्या काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, घरी दिवसभर उचलतेच की. ह्यांना उचला, बादल्या उचला, गादी उलटी करा. त्याने मन बरं व्हायचं तर एव्हाना झालं असतं. मग इथे येऊन परत का उचलायचं?"

यापेक्षा नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. २०१७ साली एका संशोधन-आढाव्यात शारीरिक हालचाल आणि मन यांचा संबंध वेगवेगळ्या कामांनुसार तपासला होता. मोकळ्या वेळात स्वतःहून केलेल्या व्यायामाबरोबर मनाचं स्वास्थ्य चांगलं दिसलं. नोकरी-धंद्यातल्या अंगमेहनतीबरोबर मात्र तसं दिसलं नाही, उलट मनाच्या तक्रारी जास्त दिसल्या. मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या हमालाला वजन कमी पडत नाही. पण कधी उचलायचं, किती उचलायचं, कधी थांबायचं, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं.

काकूंना मी त्यांच्याच घरातलं उदाहरण दिलं. काकांना उचलताना त्यांचं वजन काकू ठरवत नाहीत. वेळ ठरवत नाहीत. पाय घसरला तर काय, ही धास्ती सतत असते. मध्ये दोन मिनिटं बसता येत नाही. आणि ते वजन खाली ठेवून "झालं" म्हणता येत नाही, कारण तासाभराने पुन्हा उचलायचंच असतं. इथे रॉडवर किती प्लेट्स घालायच्या ते काकू ठरवतात. आठ रेप्स झाल्या की रॉड खाली. मग दोन मिनिटं पंख्याखाली बसायचं, आणि त्या दोन मिनिटांत कोणी हाक मारत नाही. वहीत लिहिलं की ते काम संपलं. पुढच्या गुरुवारी अर्धा-एक किलो वाढवायचं की नाही, तेही त्याच ठरवणार.

माझं मत असं की मनाला जो गुण येतो त्याचा मोठा हिस्सा इथून येतो: आपण ठरवलं, आपल्याला जमलं, आणि ते आपल्या डोळ्यांनी दिसलं. काळजीवाहू माणसाच्या दिवसात या तिन्ही गोष्टींचा दुष्काळ असतो. रुग्ण बरा होत नसेल तर कितीही केलं तरी "जमलं" असं कधी वाटतच नाही.

काकू म्हणाल्या, "म्हणजे हे माझं उचलणं." मी हो म्हटलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

हजेरी चांगली आहे. जी गळती झाली ती कंटाळ्याने नाही, घरी बसायला कोणी नसल्याने. समाजकार्य शिकणाऱ्या काही मुलामुलींना आठवड्यातून दोन तास घरी जाऊन बसण्यासाठी तयार केलंय. औषध द्यायचं नाही, उचलायचं नाही, फक्त जवळ बसायचं, गप्पा मारायच्या आणि गरज पडली तर फोन करायचा. उड्डाणपुलाच्या कामामुळे रस्ता तुंबतो, म्हणून त्याच बाजूची मुलं निवडली. या प्रकल्पाच्या खर्चात रॉडपेक्षा या मुलांच्या प्रवासभाड्याला मी आधी जागा देईन.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

समुपदेशक मैत्रिणीशी आज भांडणाच्या सुरात पण प्रेमाने चर्चा झाली. तिचं म्हणणं: बायका घराबाहेर पडतात, चार माणसं भेटतात, कोणीतरी नावाने हाक मारतं. गुण त्याचा आहे, तुझ्या लोखंडाचा नाही. पाच किलो ऐवजी अर्धा किलो दिलास तरी तेच होईल.

याचं उत्तर २००५ साली सिडनीच्या एका चाचणीत बरंचसं मिळतं. नैराश्य असलेले साठीपुढचे ६० स्त्री-पुरुष, तीन गट, आठ आठवडे. एक गट आठवड्यातून तीनदा जड वजनं उचलायचा, म्हणजे जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या ८०%. दुसरा गट तितक्याच वेळा यायचा, तीच यंत्रं वापरायचा, पण वजन फक्त २०%. तिसऱ्या गटाला नेहमीच्या डॉक्टरांचे उपचार. नैराश्याची लक्षणं निम्म्यावर आलेल्यांचं प्रमाण जड गटात ६१%, हलक्या गटात २९%, डॉक्टरांच्या गटात २१%. बाहेर पडणं, माणसं भेटणं, देखरेख हे पहिल्या दोन्ही गटांना सारखंच मिळालं होतं. फरक होता तो वजनाचा.

मैत्रीणही काही कच्ची नाही. तिने २०१८ चा ‘जामा सायकिअ‍ॅट्री’ या मानसोपचाराच्या नियतकालिकातला आढावा पुढे केला: ३३ चाचण्या, १,८७७ माणसं, ताकदीच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं स्पष्ट कमी झाली, पण ताकद किती वाढली किंवा एकूण किती व्यायाम केला यावर तो गुण अवलंबून दिसला नाही. शिवाय कोण कुठल्या गटात हे तपासणाऱ्याला ठाऊक नव्हतं अशा चाचण्यांत गुण कमी भरला.

दोन्ही कागद शेजारी ठेवून मी वर्गापुरता निर्णय घेतला. प्रयत्न खरा वाटला पाहिजे, म्हणजे शेवटच्या दोन रेप्सना दहापैकी सात-आठ जड. सुरुवातीला जेमतेम आठ-दहा रेप्स होतील इतपत वजन त्यासाठी पुरतं, एका दमात कमाल किती उचलता येतं हे मोजत बसायची गरज नाही. पण महिन्याभरात आकडा नाही वाढला म्हणून कोणाला "मागे पडलात" म्हणायचं नाही. रात्रभर जागून आलेल्या बाईने मागच्याच वजनाने केलं तरी तो पूर्ण वर्ग. पहिल्या काही आठवड्यांत तसाही स्नायू फारसा वाढत नाही. मेंदू आणि नसा आहे तोच स्नायू जास्त चांगला कामाला लावायला शिकतात. जेवणाचं मात्र बोलले: मटकी, डाळ, दही, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी. सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या बायकांना हे दोनदा सांगावं लागतं.

गुरुवार, १३ मार्च

होळी. वर्ग बंद. पुरणपोळ्यांपुढे रॉड चालत नाही, असं गटानेच ठरवलं.

सोमवार, १७ मार्च

गटात एक काका आहेत, पत्नीला पार्किन्सन. त्यांना मधूनमधून छातीत धडधडून घाम फुटतो. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत, दोष नाही, डॉक्टरांनी घबराटीचे झटके म्हणून सांगितलंय. पहिले काही आठवडे ते प्रत्येक सेटनंतर नाडीवर बोट ठेवून बसायचे. ऊठबशीने नाडी वाढली की चेहरा पांढरा पडायचा.

त्यांच्यासाठी पद्धत वेगळी ठेवली. सेट संपला की मोठ्याने सांगायचं: धडधड किती, दहापैकी. मग एक मिनिट थांबून पुन्हा सांगायचं. मग दुसरं मिनिट. आकडा स्वतःच्याच तोंडून उतरताना ऐकायचा. आज त्यांनी बोट ठेवलं नाही. म्हणाले, "वाढणारच ती, उचललंय ना." नंतर घरी जिन्यावर धडधडलं तेव्हाही हेच आठवलं, असं सांगितलं. धडधड म्हणजे संकट ही गाठ सुटायला लागणं फार मोलाचं. चिंतेवर ताकदीच्या व्यायामाचा परिणाम नैराश्याच्या मानाने लहान दिसतो, पण या एका बाबतीत तो मला जवळून बघायला मिळाला.

गुरुवार, २७ मार्च

पीएचक्यू-९ पुन्हा भरून घेतली. गट लहान, तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून सरासरी काढून मिरवणार नाही. वाचताना जे जाणवलं ते लिहिते. सगळ्यांत आधी हललेला प्रश्न झोपेचा. रात्री उठावं लागतंच, पण उठल्यावर परत डोळा लागतो, असं अनेकींनी सांगितलं. नियमित ताकदीच्या व्यायामाने झोपेची प्रत सुधारते हे संशोधनातही आहे, आणि सिडनीच्या त्या चाचणीतही झोप सुधारली होती. "स्वतःबद्दल वाईट वाटणं" हा प्रश्न त्यानंतर हलला. "कामात रस" सगळ्यांत हळू.

एका ताईंचे गुण खाली आले नाहीत. हजेरी पूर्ण, वजनंही वाढलेली, तरी मन तसंच जड. मैत्रिणीने त्यांच्याशी निवांत बोलून मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, मी सोबत गेले. गोळी सुरू झाली आहे. तिचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, तोवर वर्ग चालू ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय. ताईंना वाटत होतं की व्यायाम करूनही बरं वाटत नाही म्हणजे आपणच कमी पडलो. तो समज मी तिथल्या तिथे खोडला. मधुमेहात चालायला सांगतात तेव्हा गोळी लागली म्हणून चालणं फुकट गेलं असं कोणी म्हणत नाही.

गुरुवार, १० एप्रिल

ठरलेले १२ आठवडे आज पूर्ण. माणिकबागच्या काकूंनी पाट काढून रॉड सरळ मॅटवरून उचलला. घरी काकांना खुर्चीत घेताना त्या आता आधी स्वतःचे पाय नीट रोवतात, काकांना पुढे सरकून बसायला सांगतात आणि "एक, दोन, तीन" म्हणतात. काका तीनला स्वतःही जोर लावतात. हे मी त्यांच्या घरी जाऊन बघितलं.

वर्ग बंद करायचा नाही, असं गटाने एकमताने सांगितलं. सोसायटीने पावसाळा संपेपर्यंत हॉल दिला. जागतिक आरोग्य संघटनेचा आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीच्या व्यायामाचा सल्ला आहे, तेवढं या दोन वारांत बसतं. उन्हामुळे वेळ बदलायची होती. मी सात सुचवले, पण सातला घरोघरी तोंड धुणं, चहा, औषधं चालू असतात, म्हणून साडेआठ ठरले. हिंगण्याच्या काकू आणि पार्किन्सनवाले काका नव्या लोकांना डेडलिफ्ट आणि श्वास शिकवणार, मी पहिला महिना शेजारी उभी राहणार. तपासणी आणि औषधांची यादी माझ्याकडेच राहील. प्रश्नावली पुन्हा जुलैत.

येत्या सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, पुढचा वर्ग गुरुवारी १७ तारखेला. हॉलची किल्ली सेक्रेटरी काकांकडून बुधवारी संध्याकाळी घ्यायची. दहा किलोच्या डंबेलची आणखी एक जोडी हवी आहे, आता दोन्हीसाठी रांग लागते.